कच्चा कागद कोणता आणि वही कोणती? फोनच्या साफसफाईबद्दल थोडं

गटांच्या बैठकांना गेलो की अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. “ताई, फोन भरला म्हणतोय. फोटो निघत नाही, पैसे पाठवायचं अ‍ॅप उघडत नाही. काय करू?” मग शेजारी बसलेलं कोणाचं तरी पोर फोन हातात घेतं, पटापट बोटं फिरवतं आणि “झालं साफ” म्हणून परत देतं. नेमकं काय साफ झालं, ते ना त्याला सांगता येत, ना आपल्याला कळत. म्हणून आज आम्ही फोन आणि कॉम्प्युटरमधल्या कचऱ्याबद्दल बोलणार आहोत. हा कचरा कुठून येतो, त्यातला किती आपोआप जातो आणि कशाला आपल्याशिवाय कोणी हात लावू नये, हे समजून घेऊ.

कच्चा कागद म्हणजे काय?

आपल्या बैठकीत काय होतं बघा. बचत जमा होते, कर्जाचे हप्ते येतात, एखादीचा दंड असतो. सचिवताई आधी एका चिठोऱ्यावर कच्ची बेरीज मांडतात. रक्कम जुळली की ती वहीत उतरते, पासबुकात उतरते, सह्या होतात. त्या चिठोऱ्याचं काम तिथं संपलं. ते चुलीत गेलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. वही मात्र जाता कामा नये.

फोनमधलं आणि कॉम्प्युटरमधलं प्रत्येक अ‍ॅपही असाच कच्चा कागद वापरतं. त्याला तात्पुरती फाइल म्हणतात. व्हिडिओ बघताना त्याचा पुढचा भाग आधीच आणून ठेवलेला असतो. एकदा पाहिलेलं चित्र परत पटकन दिसावं म्हणून त्याची प्रत जवळ ठेवलेली असते. या साठ्याला ‘कॅशे’ म्हणतात. ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरवर ठराव टाइप करताना वर्ड हा प्रोग्राम मधून मधून गुपचूप एक प्रत बाजूला ठेवतो. प्रिंट काढताना कागदावर उमटण्याआधी मजकूर एका तात्पुरत्या फाइलमध्ये रांग लावून बसतो. हे सगळे कच्चे कागद. यंत्रानं स्वतःच्या कामासाठी केलेले आणि लागले तर पुन्हा करता येणारे.

ते कोण टाकतं?

चांगला प्रोग्राम आपला पसारा आपणच आवरतो. काम झालं, प्रोग्राम नीट बंद केला, की तात्पुरती फाइल तो स्वतः पुसतो. पण मध्येच लाइट गेली, कॉम्प्युटर बटण दाबून बंद केला, फोन अडकला आणि जबरदस्तीनं चालू करावा लागला, तर आवरायची वेळच मिळत नाही. पसारा तसाच राहतो. असं महिनोन्‌महिने साचत जातं.

म्हणून दुसरी सोय असते. अँड्रॉइड फोनमध्ये जागा कमी पडू लागली की फोन स्वतःच अ‍ॅपचा कॅशे काढून टाकू शकतो. विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये २०१७ पासून ‘स्टोरेज सेन्स’ नावाची सोय आहे. ती चालू केली की कुठलंच अ‍ॅप वापरत नसलेल्या तात्पुरत्या फाइल आपोआप जातात.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. ठराव टाइप करताना लाइट गेली, तर लगेच साफसफाई करू नका. आधी वर्ड पुन्हा उघडा. नेहमीची सेटिंग असेल तर दर १० मिनिटांनी बाजूला ठेवलेली प्रत तो समोर आणतो. ती नीट सेव्ह करा, मगच झाडू हातात घ्या. अशा वेळी मागे राहिलेला कच्चा कागदच आपली मेहनत वाचवतो.

दोन बटणं शेजारी शेजारी

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन एखादं अ‍ॅप निवडलं आणि त्याचं स्टोरेज उघडलं, की दोन बटणं दिसतात. एक असतं कॅशे साफ करण्याचं. दुसरं असतं डेटा किंवा स्टोरेज साफ करण्याचं. फोनच्या कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतात, पण बटणं ही दोनच.

कॅशे साफ करणं म्हणजे चिठोरं चुलीत टाकणं. फार तर अ‍ॅप पहिल्यांदा जरा हळू उघडेल. डेटा साफ करणं म्हणजे वहीच टाकून देणं. अ‍ॅप नवं घेतल्यासारखं कोरं होतं. पुन्हा नंबर टाका, पासवर्ड टाका. आणि जे फक्त त्या अ‍ॅपच्या पोटातच होतं, ते गेलं. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप नसेल, तर गप्पाही गेल्या.

हे आम्ही एवढं ठासून का सांगतो? आपल्यातल्या कितीतरी जणी गटांच्या नोंदी आता अ‍ॅपमध्ये भरतात. वाडीवस्तीवर रेंज नसते. काही अ‍ॅपमध्ये नोंद आधी फोनमध्येच राहते आणि रेंज आली की वर पाठवावी लागते. आमच्या भागात एका ताईनं तीन गटांच्या बैठकांच्या नोंदी भरल्या होत्या, वर पाठवायच्या राहिल्या होत्या. फोन अडकतो म्हणून पुतण्यानं डेटा साफ केला. सगळ्या नोंदी गेल्या. वह्या पूर्ण होत्या, सह्या झालेल्या होत्या, म्हणून दोन दिवस बसून त्या पुन्हा भरता आल्या. पण त्या दोन दिवसांची मजुरी तिला कोणी दिली नाही. म्हणून आधी नोंदी वर पाठवा, वर गेल्याची खात्री करा, मग साफसफाई. आणि अ‍ॅप आलं तरी कागदाची वही सोडू नका.

यंत्राला गुलाब आणि ठराव सारखेच

तुम्ही म्हणाल, फोन आपोआप साफ होतो, तर मग भरतो कशानं? तो भरतो आपल्याला आलेल्या फोटो-व्हिडिओंनी. भारतात रोज सकाळी पाठवल्या जाणाऱ्या ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रांनी लोकांचे फोन भरतात, हे गूगलच्या लोकांना आढळल्याची बातमी २०१८ साली जगभर गाजली होती. एकेका गटावर रोज वीस गुलाब, दहा सुविचार, पाच व्हिडिओ आले, तर महिन्याचा हिशेब तुम्हीच मांडा.

यंत्र हे आपोआप काढत नाही, कारण त्याच्या लेखी हे कच्चे कागद नाहीत. आलेला फोटो ही तुमची वस्तू. गुलाबाचा फोटो आणि बँकेत दिलेल्या ठरावाचा फोटो, यंत्राला दोन्ही सारखेच. फरक फक्त आपल्याला कळतो. म्हणून ही निवड आपणच करायची.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज सांभाळण्याची एक जागा आहे. तिथं ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल आणि बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालेल्या फाइल वेगळ्या काढून दाखवतात. तिथून सुरुवात करा. दहा मिनिटांत भरपूर जागा होते. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय त्याच सेटिंगमध्ये बंद करता येते. मग जो हवा तोच उतरवून घ्यायचा. नेटचा पॅकही वाचतो.

काही फोटो मात्र आपण आठवणीनं काढायला हवेत. कर्जप्रकरणासाठी सदस्यांच्या आधारचे, पासबुकांचे फोटो आपल्या फोनवर येतात. प्रकरण जमा झालं की आपल्याकडचं त्याचं काम संपलं. दुसरीचा आधार आपल्या फोनमध्ये वर्षभर पडून राहणं बरं नव्हे. उद्या फोन हरवला तर जबाबदारी कोणाची? असे फोटो चॅटमधून, गॅलरीतून आणि कचरापेटीतून, तिन्हीकडून काढा.

कचरापेटीलाही घड्याळ असतं

फोटो काढला तरी जागा का होत नाही, असं पुष्कळ जणी विचारतात. कारण काढलेला फोटो आधी कचरापेटीत जातो. उकिरड्यावर टाकण्याआधी केर कोपऱ्यात लोटून ठेवावा तसा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पेटीत ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. तोवर परत काढता येतो, नंतर आपोआप कायमचा जातो. चुकून काही काढलं असेल तर घाबरून रडत बसू नका, आधी पेटी बघा. पण उशीर करू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘गायब होणारे मेसेज’ ही सोय आहे. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस, यातली मुदत निवडली की त्यानंतरचे मेसेज मुदत संपताच आपोआप जातात. घरच्या गप्पांना ठीक. पण गटाच्या ग्रुपवर कोणी हे चालू केलं असेल, तर हप्ता भरल्याची पावती, बँकेनं मागितलेल्या कागदांची यादी, बैठकीची तारीख, हे सगळं जाईल. ग्रुपचं नाव दाबून ही सेटिंग आजच बघा. ती कोणी बदलावी, हे अ‍ॅडमिनला ठरवता येतं.

कॉम्प्युटरच्या स्टोरेज सेन्समध्येही अशी एक जागा आहे. रिसायकल बिनमधल्या फाइल किती दिवसांनी काढायच्या, हे तिथं विचारतात, आणि डाउनलोड्स फोल्डरमधल्या किती दिवसांनी, हेही. डाउनलोड्सपुढे ‘कधीच नाही’ असं असतं, ते तसंच राहू द्या. बँकेचं स्टेटमेंट, शासनाचं परिपत्रक, प्रशिक्षणाचं पत्र, सगळं उतरून तिथंच पडतं. तिथं ३० दिवस लावले, तर न उघडलेलं स्टेटमेंट महिन्याभरात जाईल आणि ऑडिटच्या वेळी शोधाशोध होईल.

झाडू विकणाऱ्यांपासून सावध

“तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, लगेच साफ करा” अशी जाहिरात फोनवर येते. ती दाबू नका. जाहिरातीला तुमच्या फोनच्या आतलं दिसत नाही. असली साफसफाईची अ‍ॅप स्वतः जागा खातात, वर फोटो, नंबर, मेसेज बघण्याची परवानगी मागतात. फोनमध्ये जी सोय आधीच आहे, तिच्यासाठी परक्याला घरात कशाला घ्यायचं? आणि कॅशेसुद्धा रोज पुसू नये. तो पुन्हा तयार होतो आणि तयार होताना नेटचा पॅक खातो. फोन अडखळला, जागा संपत आली, तेव्हा पुसला तरी पुरे.

पुढच्या बैठकीचं काम

मैत्रिणींनो, आजचं सगळं एका ओळीत सांगायचं तर, यंत्रानं केलेला पसारा यंत्राला आवरू द्या, पण आपण केलेलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ते आपणच ठरवा. पुढच्या बैठकीत वसुली झाल्यावर पंधरा मिनिटं एवढंच करा.

१. गटाच्या अ‍ॅपमधल्या नोंदी वर गेल्या का, ते आधी तपासा.

२. ठराव, पावत्या, बँकेची पत्रं यांच्यासाठी फोनमध्ये ‘गटाचे कागद’ नावाचं वेगळं फोल्डर करा. त्यांची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा, गटाच्या ईमेलवर किंवा झेरॉक्स काढून फाइलला.

३. गटाच्या ग्रुपवर गायब होणारे मेसेज चालू आहेत का, ते बघा.

४. मोठे व्हिडिओ आणि फॉरवर्ड काढा, मग कचरापेटी रिकामी करा.

५. काम संपलेल्या आधारचे आणि पासबुकांचे फोटो काढा.

हे काम पोरांच्या हाती न देता स्वतःच्या बोटांनी करा. जिला येतं तिनं शेजारणीला दाखवा. आणि डेटा साफ करण्याचं बटण दाबायची वेळ आलीच, तर आधी स्वतःला विचारा, हा कच्चा कागद आहे की वही? उत्तर नक्की माहीत नसेल, तर बटण दाबू नका.