पिस्तुलासमोर सीन पेपर

धाकट्यानं माझ्या कपाळावर पिस्तूल रोखलं तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते, आणि मी सीन पेपरवरून थोरल्याची वाक्यं वाचत होते. थोरला स्वतः मढला, दुसऱ्या एका मालिकेच्या सेटवर होता. सकाळी मास्टर, म्हणजे दोघांचा अख्खा सीन एकत्र दिसणारा शॉट, उरकून तो गेला, तीनपर्यंत येतो म्हणाला. आमच्या भाषेत ‘तीन’ म्हणजे साडेचार.

गोरेगावच्या चित्रनगरीतला फ्लोअर, बाहेरून पत्र्याचं गोदाम. आत प्लायवूडच्या तीन भिंतींची कळकट खोली, चौथी भिंत उचलून बाजूला ठेवलेली. गुन्हेगारी मालिकेचा भाग. पंधरा वर्षं एकत्र चोऱ्या केलेले दोघं, आणि वाटणीत एक पुडकं कमी. सीन चार पानांचा. माझं काम कंटिन्युइटीचं. कोणत्या शब्दावर कोणता हात उठला, शर्टाचं दुसरं बटण उघडं की बंद, ग्लासात चहा कुठवर, हे सगळं लिहून ठेवायचं आणि पुढच्या शॉटला तसंच्या तसं मागायचं. माझ्या वहीत पात्रांना नावं नव्हती. ‘थो’ आणि ‘धा’, एवढंच.

पाहणाऱ्याला वाटतं, दोन नट समोरासमोर उभे राहिले आणि भांडले. तसं कधी कधी होतं. ‘सीआयडी’नं २००४ मध्ये १११ मिनिटांचा एक अख्खा भाग एकाही कटशिवाय घेतला होता, त्याचं कौतुक लाइटमन मंडळी अजून करतात. आमच्याकडे रोजचा व्यवहार निराळा. लाइट एका बाजूला लावले की त्या बाजूचं सगळं संपवायचं, कारण लाइट फिरवायला तासभर जातो. म्हणून धाकट्याचा सगळा संताप दुपारच्या जेवणाआधी, आणि थोरल्याची त्यावरची उत्तरं संध्याकाळी. मधल्या वेळात संताप आणि उत्तर या दोहोंचा सांभाळ माझ्या वहीत.

दोघांच्या नाकांना जोडणारी एक रेघ मनात ओढायची. तिला आम्ही ॲक्सिस म्हणतो. कॅमेरा तिच्या एकाच बाजूला राहायचा. रेघ ओलांडली की दोघंही एकाच दिशेला पाहताना दिसतात आणि भांडणारी माणसं बसची वाट बघत असल्यासारखी वाटतात. मास्टर झाला की सजेशन, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा. थोरला नसल्यामुळे त्याचा शर्ट प्रॉडक्शनच्या एका मुलाला घालून नुसता खांदा उभा केला. मग क्लोज. क्लोजला खांदाही लागत नाही. लागते ती नजर टेकवायला जागा, आणि ती जागा मी. लेन्सच्या डाव्या अंगाला चिकटून, गुडघे जरा वाकवून, कारण थोरला माझ्यापेक्षा बुटका आहे.

पिस्तूल रबराचं होतं. जोरात हलवलं की नळी डुलते, म्हणून धाकट्याला हात स्थिर ठेवावा लागत होता आणि त्यामुळे तो जास्त भयानक दिसत होता. २०२१ च्या ऑक्टोबरात न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ चित्रपटाच्या सेटवर हातातल्या पिस्तुलातून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हलिना हचिन्स गेल्या. ती बातमी आमच्या प्रॉपर्टीवाल्या दादांनी मोबाइलमध्ये जपून ठेवली आहे. कुणी ‘जरा खरंखुरं वाटणारं द्या ना’ म्हणालं, की ते नुसता मोबाइल पुढे करतात. आवाज, जाळ, धूर, सगळं नंतर चढवता येतं.

चहाचा ग्लास मात्र नंतर चढवता येत नाही. मास्टरमध्ये थोरल्यानं तीन घोट घेतले होते. पहिला धाकटा आत येताना, दुसरा ‘मोजून घे’ या शब्दांनंतर, तिसरा पिस्तूल दिसल्यावर. हा तिसरा घोट त्याचा स्वतःचा. कागदावर नव्हता. पिस्तूल पाहून माणूस चहा पितो, तेव्हा तो घाबरलेला नसतो, किंवा घाबरलोय हे लपवण्यासाठी त्याला तोंडाशी काहीतरी धरायचं असतं. दोन्ही अर्थ निघत होते. मी लाल पेनानं अधोरेखित केलं आणि मोबाइलवर चहाच्या पातळीचा फोटो काढला. पंखा आवाजासाठी बंद, लाइटची धग, चहावर साय धरलेली. स्पॉटदादा दर टेकनंतर किटलीतून बरोबर त्याच पातळीपर्यंत भरून देत होते. त्यांच्या हाताला अंदाज असा की मला पुन्हा बघावं लागत नव्हतं.

खरी ओढाताण झाली ती एका सर्वनामावरून. लेखकानं धाकट्याला पहिल्या पानावर ‘दादा, तुम्ही’ दिलं होतं आणि पिस्तूल काढताच ‘तू’वर आणलं होतं. रीत तीच आहे, मराठी माणूस चिडला की आधी अहो-जाहो गळतं. धाकटा प्रायोगिक रंगभूमीवरून आलेला, प्रश्न विचारायची सवय असलेला. तो म्हणाला, “मी ‘तुम्ही’च म्हणतो. पंधरा वर्षांची जीभ आहे, ती पिस्तुलानं कशी वळेल?” लेखक म्हणाला, “अरे, मग तुटल्याचं कळणार कसं?” दिग्दर्शकानं दोन्ही घ्यायला सांगितलं.

मला तेव्हा ‘ब्रेकिंग बॅड’ आठवली. दोन भागीदार, एक रसायनशास्त्राचा मास्तर, दुसरा त्याचाच जुना विद्यार्थी. २०११ मध्ये दाखवलेल्या ‘एंड टाइम्स’ या भागात, मालिकेचा कर्ता व्हिन्स गिलिगन यानंच तो दिग्दर्शित केला होता, विद्यार्थी मास्तरावर पिस्तूल रोखतो. मास्तर त्याचा पिस्तुलाचा हात धरून नळी स्वतःच्याच कपाळाला लावतो. पण हा मुलगा जवळजवळ सगळ्या मालिकाभर त्याला ‘मिस्टर व्हाइट’च म्हणत राहतो. सगळं जळून गेलं तरी वर्गातली हाक सुटत नाही. आपल्याकडे तर हे काम एक ‘तुम्ही’ करू शकतो, आणि आपण तो पहिल्या शिवीसरशी टाकून देतो.

‘तू’ घेतला, चांगला झाला. मग ‘तुम्ही’ घेतला. “दादा, तुम्ही पैसे मोजले होते.” आवाज चढलाच नाही. माझ्या हातातला कागद किंचित हलला, आणि साउंडवाल्यानं हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. कागदाचा आवाज आला होता. आणखी एक टेक. त्यात शेजारच्या पौराणिक मालिकेच्या सेटवरून शंख वाजला. आणखी एक.

थोरला पावणेपाचला आला. घामासाठी तोंडावर ग्लिसरीन मारलं, ग्लास हातात दिला, मी वहीतून घोट वाचून दाखवले. धाकट्याची सुट्टी झाली होती, पण तो थांबला. क्यू मीच देतो म्हणाला. लेन्सजवळच्या माझ्या जागेवर, पायात चपला, पिस्तूल दादांना परत देऊन मोकळ्या हातांनी उभा राहिला. तो त्याच पडलेल्या आवाजात म्हणाला, “दादा, तुम्ही पैसे मोजले होते.”

थोरल्यानं तिसऱ्या घोटासाठी ग्लास उचलला. ओठांपर्यंत नेला. आणि न पिता खाली ठेवला.

मी हात वर केला, तेच माझं काम. मास्टरमध्ये घोट आहे, इथे नाही. जुळणार नाही. दिग्दर्शकानं मॉनिटरवरची नजर न काढता सांगितलं, “राहू दे.” वहीत मी लिहिलं: शॉट ९, टेक १, घोट नाही, ओके. पुढे संकलकानं मास्टरमधला घोट काढून टाकला आणि हाच ठेवला. प्रसारणाच्या रात्री पाहिलं, तर धाकटा थोरल्याकडे डोळे रोखून ‘तुम्ही’ म्हणतो आणि थोरला ग्लास ठेवतो. धाकट्याच्या त्या नजरेच्या टोकाला, गुडघे वाकवून, मी होते. हे घरात सांगितलं तर आई म्हणाली, “तू कुठे दिसलीस?”

पॅकअपच्या आधी साउंडवाल्यानं रूम टोन मागितला. खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करतात. वाक्यांमधल्या फटी बुजवायला ती संकलनात लागते. जो जिथे असेल तिथेच थांबायचं. लाइटमन शिडीवर, थोरला खुर्चीत, धाकटा एका पायात चप्पल घालताना, स्पॉटदादा किटलीचं झाकण हातात धरून. ते खाली ठेवलं असतं तर वाजलं असतं.