खताचा ढीग तापतो कोणामुळे?

उन्हाळ्यात आपण बंड्या भरभरून शेणखत बांधीत नेतो. त्यात खत किती आणि नुसते शेण किती, हे कोणी पाहतो का? एखादे ढेकूळ फोडून बघा. आत हिरवट शेण, न कुजलेले तणस आणि उग्र वास असेल, तर जिवाणूंचे काम अर्धेच झाले असे समजा.

हे काम एका जातीच्या जिवाणूंचे नाही. टोळ्या बदलत जातात. शेणाबरोबर जनावराच्या पोटातले, हवेशिवाय जगणारे जिवाणू येतात. ढिगात हवा खेळली की ते मागे पडतात आणि हवेवर जगणारे वाढतात. साखर, पिष्ट असा मऊ माल ते आधी फस्त करतात. त्यातून उष्णता निघते आणि दोन-चार दिवसांत ढीग 45 अंशांवर जातो. गंमत अशी, की स्वतःच केलेल्या उष्णतेत ही टोळी मरते! मग बॅसिलससारखे उष्णता सोसणारे जिवाणू येतात. ढीग 55 ते 65 अंशांवर काही दिवस राहिला, की रोगजंतू, जंतांची अंडी व तणाचे बी बहुतेक मरते. पण 70 च्या वर गेले तर हे कामकरीही थंडावतात. म्हणून ढीग पलटवायचा. पुढे उतरत्या उष्णतेत ॲक्टिनोमायसिट्स आणि बुरशी तणसाचा चिवट भाग फोडतात. राखेसारखा पांढरा थर दिसतो तो यांचाच. खत जळाले म्हणून घाबरू नका. पहिल्या पावसाच्या मातीचा वासही यांच्यामुळेच येतो. शेवटची टोळी अमोनियाचे नायट्रेट करते.

आता आपला उकिरडा पाहा. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला 1,200 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उघडा खड्डा पाण्याने भरतो, हवा संपते आणि गरम टोळी येतच नाही. वरून रोज ताजे शेण पडते. म्हणजे खालचे वर्षाचे, वरचे कालचे, आणि बंडीत दोन्ही एकत्र! असे कच्चे तणस बांधीत गेले, की ते कुजवताना जिवाणू जमिनीतलाच नत्र ओढतात. रोवणीनंतर धान पिवळे पडते आणि आपण युरियाच्या गोणीकडे धावतो.

उपाय जुनाच आहे. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी 1931 साली इंदूर पद्धत पुस्तकरूपाने मांडली. तीत ढीग पलटवून तीन महिन्यांत खत होते. आपल्या विदर्भातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नाडेप टाक्याला भोके असतात, त्यामुळे पलटवणे टळते; मात्र तीन-चार महिने थांबावे लागते. दोन्हींत मुख्य गोष्ट एकच: ढीग एकदम भरायचा, रोज वरून टाकायचे नाही.

दोनच बैल असलेल्याने एवढे शेण आणावे कोठून? शेजाऱ्याशी भागी करा, किंवा दोन खड्डे ठेवा. एक भरताना दुसरा कुजेल. ढीग तिन्ही बाजूंनी किमान तीन फूट हवा, नाहीतर उष्णता टिकत नाही. जागा उंचवट्यावर घ्या आणि पावसात वर झाकण घाला. ग्रामपंचायतीने असा एक ढीग चावडीजवळ लावून दाखवला, तर दहा भाषणांचे काम होईल.

आठवड्याने ढिगात लोखंडी सळई खुपसा, दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला तर काम चालू आहे. पाणी घालून पलटवल्यावरही ढीग पुन्हा तापत नसेल आणि वास मातीचा येत असेल, तर बंडी जुंपायला हरकत नाही.