मोटारसायकलच्या टाकीचा उघडा पत्रा आणि गंज



डेअरीला दूध घालायचे, रात्री-अपरात्री मळ्यात मोटार चालू करायला जायचे, गट ऑफिसात उसाची नोंद द्यायची, ही सगळी कामे आज मोटारसायकलवर होतात. इंजिन, चेन, टायर यांकडे आपले लक्ष असते. पेट्रोलच्या टाकीकडे मात्र ती गळायला लागेपर्यंत कोणी बघत नाही. त्यातून जुन्या गाडीला नवा रंग द्यायचा म्हणून टाकी खरवडून ठेवतात आणि पेंटरला सवड मिळेपर्यंत ती गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहते. टाकीचे खरे नुकसान होते ते या दिवसांत. म्हणून चार गोष्टी येथे सांगत आहोत.

गंज चढतो कसा?

लोखंडाला गंज चढायला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि हवा. दोन्हींपैकी एक तोडली की गंज थांबतो. रंग, ग्रीस, तेल हे सगळे उपाय याच एका तत्त्वावर चालतात. हंगाम संपला की कारखान्यात यंत्रांच्या चकचकीत भागांना ग्रीस फासून ठेवतात, तेही याचसाठी.

अ‍ॅल्युमिनियमवर बसणारा थर घट्ट असतो, तो खालच्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज पोकळ असतो. त्याचे पोपडे सुटतात आणि खालचा ताजा पत्रा पुन्हा उघडा पडतो. म्हणून “थोडाच गंज आहे, राहू दे” असे म्हणून चालत नाही. पावसाळी हवेत खरवडलेल्या पत्र्यावर काही तासांतच तांबूस छटा दिसू लागते. घामात मीठ असते, त्यामुळे बोटांचे ठसेसुद्धा गंजून उमटतात.

बाहेरची बाजू

१. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने गंज पूर्ण काढावा. खड्ड्यात राहिलेला गंज रंगाखाली वाढतच राहतो.

२. थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसावे. त्यानंतर पत्र्याला उघडा हात लावू नये.

३. त्याच दिवशी प्रायमर मारावा. हार्डनर घालून मारायचा इपॉक्सी प्रायमर उत्तम. साधा रेड ऑक्साइडही चालतो, पण नुसत्या प्रायमरवर टाकी महिनोन्‌महिने ठेवू नये. त्यातून ओल आत झिरपते.

४. वरचा रंगही हार्डनरचाच घ्यावा. पेट्रोल भरताना दोन थेंब सांडतातच, आणि साधा ऑईल पेंट पेट्रोलने मऊ पडतो. हा रंग फवारताना बाधतो, म्हणून ते काम योग्य मास्क वापरणाऱ्या पेंटरकडूनच करून घ्यावे.

पेंटर आज येणार नसेल तर टाकी आजच खरवडू नये, हे सगळ्यात सोपे. खरवडलीच असेल तर इंजिन ऑईलचा पातळ हात फिरवून कोरड्या सुती कापडात गुंडाळावी. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळू नये, आत घाम धरतो. रंगाआधी हे तेल थिनरने पूर्ण काढावे, नाहीतर रंग धरणार नाही.

काही तरुण मंडळींना पत्र्याची चकाकी तशीच ठेवून वर नुसता पारदर्शक लॅकर मारायची हौस असते. दिसायला छान दिसते, पण टिकत नाही. एक ओरखडा पडला की ओल लॅकरच्या खाली शिरते आणि गंजाच्या बारीक नागमोडी रेषा पसरतात. मग सगळा लॅकर काढून पहिल्यापासून काम. उघडा पत्राच ठेवायचा असेल तर मेण-पॉलिश वरचेवर लावावे लागेल आणि पेट्रोल सांडेल तिथे लगेच पुन्हा लावावे लागेल. एवढी हौस झेपत नसेल तर प्रायमरवर चंदेरी रंग मारावा.

आतली बाजू

टाकीच्या आत रंग नसतो. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर दवासारखी जमते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला बसते. म्हणून टाकी बहुधा तळातून, शिवणीजवळ फुटते. त्याआधी गंजाचा कचरा जाळीत आणि कार्बोरेटरमध्ये अडकून गाडी आडवाटेला बंद पडते. गळकी टाकी तर त्याहून वाईट, कारण खाली तापलेले इंजिन असते.

जुन्या राजदूत, येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्येच ऑईल मिसळत असत. त्या तेलाचा पातळ थर टाकीलाही आतून थोडेफार सांभाळी. आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत ती सोय नाही.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवावी. त्याहून जास्त दिवस ठेवायची असेल तर रिकामी करून, वाळवून, आत अर्धी वाटी इंजिन ऑईल घालून सगळीकडून फिरवावे. झाकणाचे रबर दरवर्षी बघावे. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा झाकणावर मारू नये.

इथेनॉलचा दोष किती?

हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याची सुरुवात २००३ मध्ये झाली, १० टक्क्यांचा टप्पा २०२२ मध्ये आणि २० टक्क्यांचा २०२५ मध्ये गाठला गेला. त्यात उसाच्या इथेनॉलचा मोठा वाटा आहे. ते विकले गेले तर आपल्याला उसाचा पैसा मिळतो. म्हणून त्याच्याबद्दल खरे तेच सांगितले पाहिजे.

इथेनॉल पाणी ओढते. थोडे पाणी ते स्वतःत विरघळवून इंजिनापर्यंत नेते, तिथे ते निघून जाते. पण पाणी फार झाले तर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला वेगळा थर बसतो, आणि तो थर पत्र्याला वाईट. म्हणजे रोज फिरणाऱ्या गाडीला फारशी भीती नाही. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीला आहे. जुन्या गाड्यांची रबरे, आणि टाकीला आतून लावलेले काही जुने लेप, इथेनॉलने सुटतात हेही खरे आहे. आतून लेप लावून घ्यायचा असेल तर तो इथेनॉलला टिकणारा आहे, असे डब्यावर लिहिलेले असल्याशिवाय घेऊ नये.

गंज काढायला मळी

इथेनॉल जिच्यापासून होते ती मळी गंजही काढते. एक भाग मळी आणि दहा भाग पाणी या मिश्रणात लोखंड आठ-पंधरा दिवस ठेवले की गंज सुटतो, चांगला पत्रा शाबूत राहतो. मिश्रण आंबते, वायू धरतो, म्हणून टाकीचे झाकण घट्ट लावू नये. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचे भाग, म्हणजे कॉक व झाकण, आधी काढावेत. मळी ही परवान्याची वस्तू आहे, रीतसर मिळाली तरच वापरावी. नाहीतर किराणा दुकानातले लिंबूसत्त्व दहा लिटर पाण्यात अर्धा किलो, एक रात्र, हाही चांगला उपाय आहे. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, उन्हात पूर्ण वाळवावे आणि लगेच तेल फिरवावे. ओला उघडा पत्रा त्याच दिवशी पुन्हा गंजतो.

हे मात्र करू नये

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. आत पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगीने तिचा स्फोट होतो. साध्या वेल्डरकडे टाकी नेऊन “एक टाका मार” असे म्हणू नये. हे काम टाकी नीट धुऊन निर्धोक करणाऱ्या जाणत्या कारागिराचेच. वर सांगितलेले कोणतेही काम करण्याआधी टाकी साबणाच्या पाण्याने अनेकदा धुवावी. काम उघड्या हवेत करावे, जवळ विडी-काडी नसावी. संडास धुण्याचे अ‍ॅसिड टाकीत ओतू नये. ते चांगला पत्राही खाते आणि पेट घेणारा वायू सोडते. वापरलेले पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा जनावरे पितात तिथे टाकू नये.

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सभासदाने एकदा टाकीचे झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात आत बघावे. बॅटरीच घ्यावी, काडी ओढू नये. तांबडे दिसले तर तेव्हाच उपाय करावा. वेळीच लावलेला प्रायमर आणि वाटीभर तेल नव्या टाकीच्या मानाने फार स्वस्त पडते.