चिठ्ठ्या टाका, मग हळद लावा!

हळदीचं बेणं लावायचे दिवस आले की रिसोडकडे सल्ल्यांनाही कोंब फुटतात. कुणी म्हणतं, या औषधात बुडव. कुणी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतं. मागच्या वर्षी कंदकुजीनं हळद बसली असेल, तर घरचे सगळ्यांचंच ऐकतात. पैसे जातात आणि गुण नेमका कशानं आला, तेही कळत नाही. हळद औषधानं वाचली, की यंदा पाणी साचलं नाही म्हणून?

मित्रांनो, उद्यानविद्येतलं संशोधन याच प्रश्नापासून सुरू होतं.

कंदकूज मुख्यतः पिथियम नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होते. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, तिथे तो फोफावतो. शिवाय हळद आपण बियांपासून नाही, कंदापासून लावतो. रोगट कंद बेण्यात आला की रोगही सोबत येतो. म्हणून निरोगी बेणं, उंच गादीवाफे, पाण्याचा निचरा आणि ट्रायकोडर्मा यांवर भर दिला जातो.

पण नवीन काही वापरायचं असेल तर त्याची पारख कशी करायची? सोपं आहे. एकसारखे आठ वाफे घ्या. आठ चिठ्ठ्या टाका. चार वाफ्यांना नवीन औषध, चार नेहमीसारखे. बेणं, लागवडीचा दिवस, खत, पाणी सगळं सारखं. चिठ्ठ्या यासाठी, की आपण नकळत चांगल्या जागेलाच औषध देतो! वाफे चार-चार यासाठी, की एका वाफ्याचा निकाल योगायोगही असू शकतो. रोगट झाडं मोजा. काढणीला प्रत्येक वाफ्याची ओली हळद वेगळी तोला. वहीत लिहा. एकाच गटातल्या वाफ्यांमध्ये जेवढा फरक आहे, तेवढाच दोन गटांमध्ये असेल, तर औषधाचा गुण सिद्ध झाला असं म्हणता येत नाही.

ही रीत इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात घडवली. भारतात ती कृषी संशोधकांच्या हाती दिली दोन मराठी माणसांनी. वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांचं शेतीच्या संख्याशास्त्रावरचं पुस्तक १९५४ मध्ये आलं. आजही कृषी विद्यापीठांतल्या कितीतरी प्रबंधांच्या संदर्भांत 'पानसे आणि सुखात्मे' ही जोडी दिसते. गणित नकोसं वाटणाऱ्यांनो, ऐकताय ना?

आणि यासाठी लांब जायची गरज नाही. रिसोड तालुक्यातच करडा इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. विद्यापीठात निघालेलं तंत्र शेतकऱ्याच्या शेतात तपासून बघणं हे अशा केंद्रांचं कामच आहे. आपली वही घेऊन तिथल्या तज्ज्ञांना भेटा. बारावी सायन्सला असाल, तर सीईटी देऊन बी.एस्सी. उद्यानविद्येची वाटही मोकळी आहे.

लागवडीच्या वेळी बाबा विचारतील, "चार वाफे तसेच काहून ठेवले रे?" सांगा, "बाबा, औषधावर पुढच्या वर्षी पैसे घालायचे की नाही, हे तेच चार वाफे सांगणार आहेत."