चेहऱ्यावरचे मुरूम आणि अधीरतेची किंमत

तारुण्यपीटिका हा काही प्राणघातक विकार नव्हे. म्हणूनच बहुधा समाजाने त्याच्याकडे कधी गांभीर्याने पाहिले नाही. वयात येणाऱ्या मुलामुलींना मुरूम यायचेच, वय सरले की ते आपोआप जातील, असे म्हणून घरातली वडीलधारी माणसे विषय संपवितात. ज्याच्या चेहऱ्यावर ते असतात त्याला मात्र तो इतक्या सहजी संपविता येत नाही. वर्गात मागच्या बाकावर तोंड लपवून बसणारी मुलगी, मुलाखतीला निघण्यापूर्वी आरशासमोर घुटमळणारा पदवीधर, मुलगी ‘दाखविण्या’ची तारीख ठरताच घरात उडणारी तारांबळ, ही दृश्ये कोणत्याही मध्यमवर्गीय कुटुंबाला अपरिचित नाहीत. या अगतिकतेवर एक मोठी बाजारपेठ उभी आहे. गरज तातडीची, ग्राहक अनभिज्ञ आणि माल मात्र हाताशी, अशी स्थिती जेथे असते तेथे ग्राहकाचे हित आपोआप साधले जाईल, अशी अपेक्षा बाळगणे व्यर्थ होय.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर लिहिलेल्या निबंधात या प्रश्नाचे मर्म सांगितले आहे. भाजी घेणारा गिऱ्हाईक ती पारखून घेऊ शकतो; औषध घेणारा रुग्ण ते पारखू शकत नाही. त्याला आपल्या रोगाचे ज्ञान नसते आणि उपचाराच्या परिणामाची निश्चिती नसते. म्हणूनच प्रत्येक समाजाने वैद्यकाचा परवाना, डॉक्टरची चिठ्ठी, विक्रीवरील निर्बंध अशा व्यवस्था निर्माण केल्या. चिठ्ठी हा कागदाचा कपटा नसून रुग्णाकडे नसलेल्या ज्ञानाचा तो पर्याय आहे. मुरुमांच्या मलमाच्या बाबतीत हा पर्याय जितक्या सहजपणे बाजूला सारला जातो, तितका क्वचितच अन्यत्र सारला जात असेल.

औषध हळू का चालते?

मुरूम हा अस्वच्छतेचा दंड नव्हे. वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे त्वचेखालच्या तैलग्रंथी अधिक स्राव निर्माण करू लागतात, रंध्राच्या तोंडाशी मृत पेशी साचून ते बंद होते, तेथे नेहमीच वस्तीला असलेले जंतू वाढतात आणि मग दाह सुरू होतो. ही क्रिया डोळ्यांना दिसण्याच्या कित्येक आठवडे आधीपासून चाललेली असते. आज गालावर उगवलेला मुरूम आजचा नसतो. तेव्हा आज लावलेल्या औषधाचा खरा परिणाम पुढे येऊ घातलेल्या मुरुमांवर व्हावयाचा, हे ओघानेच आले.

‘अ’ जीवनसत्त्वापासून सिद्ध होणारे ट्रेटिनॉइन हे या उपचारातील एक प्रमुख औषध. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांच्या संशोधनानंतर १९७१ साली अमेरिकेत त्याला मुरुमांवरील औषध म्हणून मान्यता मिळाली. ॲडापॅलिन हे त्याच्याच कुळातील, काहीसे सौम्य असे नंतरचे औषध. ही औषधे बंद रंध्रे मोकळी करतात व नवी बंद होऊ देत नाहीत. परंतु त्यांचा गुण दिसावयास साधारणतः आठ ते बारा आठवडे लागतात. इतकेच नव्हे, तर पहिल्या काही आठवड्यांत त्वचा लाल होते, कोरडी पडते, खपल्या निघतात, आणि काहींचे मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. खर्च आज आणि लाभ तीन महिन्यांनी, असा हा व्यवहार आहे. त्यात बहुतेकांचा धीर तिसऱ्या आठवड्यातच सुटतो. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण आपल्या लोकांनी उगाच घडविलेली नाही.

झटपट गुणाचा सापळा

धीर सुटलेला रुग्ण मग औषधाच्या दुकानात जातो आणि ‘लवकर फरक पडेल असे काहीतरी’ मागतो. असे काहीतरी तेथे असते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे ज्यांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेली असतात ती स्टेरॉइडयुक्त मलमे दाह झटकन दाबून टाकतात. चार दिवसांत लाली उतरते, चेहरा उजळल्यासारखा दिसतो आणि औषधाची कीर्ती वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांतून पसरते.

वस्तुतः येथूनच अनर्थाला आरंभ होतो. महिनोन् महिने ही मलमे चेहऱ्यावर लावली असता त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या वर दिसू लागतात, नको तेथे केस वाढतात, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते मुरूमच अधिक जोमाने उगवतात. मलम थांबवावे तर चेहऱ्याची आग होते; पुन्हा लावावे तर आग शमते. ग्राहकाला असे बांधून ठेवणारा माल कोणत्या विक्रेत्याला नको असेल? आगीतून फुफाट्यात पडणे ते हेच.

देशातील १२ केंद्रांवर त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या त्वचाविकारांच्या २,९२६ रुग्णांची तपासणी झाली. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावीत असल्याचे आढळले. १०४ जणांनी ते मुरुमांसाठी लावले होते. १२६ जणांनी गोरे दिसण्यासाठी, दाढीनंतर लावण्यासाठी किंवा सर्वसाधारण क्रीम म्हणून. निम्म्याहून अधिकांना ते सुचविणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. दुष्परिणाम झालेल्यांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या घरात होते, आणि त्या दुष्परिणामांत अग्रस्थान होते मुरुमांचेच!

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट आहे. ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड या तिघांचे मिश्रण असलेली मलमे बाजारात मिळतात. या मिश्रणाची मूळ कल्पना १९७५ साली क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्याने मांडली, ती त्वचेवरील काळे डाग घालविण्यासाठी. वांगासारख्या विकारावर, डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि मर्यादित काळ वापरावयाचे हे औषध. परंतु वेष्टनावर ट्रेटिनॉइनचे नाव दिसताच ‘आपल्याला डॉक्टरांनी दिले होते तेच हे’ असे समजून पुष्कळजण ते मुरुमांसाठी घेऊन येतात. तेव्हा व्यापारी नावावर न जाता घटकद्रव्यांची नावे वाचणे हा सावधगिरीचा पहिला धडा होय. स्टेरॉइड अनेक महिने लावून झाले असेल तर ते मनानेच एकदम सोडण्याऐवजी तज्ज्ञाला दाखवून सोडावे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

कायदा या बाबतीत दीर्घकाळ ढिला होता. १९४५ च्या औषधविषयक नियमांतील ‘एच’ अनुसूचीत चिठ्ठीवर विकावयाच्या औषधांची यादी आहे. परंतु बाहेरून लावण्याच्या औषधांना त्यातून सवलत होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सातत्याने पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड द्रव्यांच्या मलमांची ही सवलत काढून घेतली. तथापि राजपत्रातील अधिसूचना आणि गल्लीतील दुकानाची फळी यांत जे अंतर असते ते केवळ छपाईने मिटत नाही.

वापराची शिस्त

योग्य औषध मिळाले तरी ते योग्य रीतीने लावण्याचा प्रश्न उरतोच. ट्रेटिनॉइनसारखे औषध रात्री लावावयाचे असते. चेहरा सौम्य साबणाने धुऊन, तो पूर्ण कोरडा होऊ देऊन, वाटाण्याएवढे मलम सबंध चेहऱ्यावर पातळ पसरावे. ते एकेका मुरुमावर थापावयाचे नसते, कारण उपचार दिसणाऱ्या मुरुमावर नसून न दिसणाऱ्या रंध्रांवर असतो. डोळ्यांच्या कडा, ओठ आणि नाकपुड्यांच्या खाचा वगळाव्यात. प्रारंभी एक दिवसाआड लावून त्वचेला सवय झाली की रोज लावावे. कोरडेपणासाठी साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर चालते. दिवसा उन्हापासून चेहऱ्याचे रक्षण करावे. सनस्क्रीन लावणे हा येथे चैनीचा भाग नसून उपचाराचाच भाग आहे.

दुप्पट मलम लावल्याने निम्म्या वेळात गुण येत नाही. दुप्पट आग मात्र होते. घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम शिकविण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण! वाटाणाभर मलम म्हणजे पाव ते अर्धा ग्रॅम धरले तर वीस ग्रॅमची ट्यूब चाळीस ते ऐंशी रात्री पुरावयास हवी. ती पंधरवड्यात संपत असेल तर वापर चुकतो आहे, एवढे गणित घरच्या घरी करता येते.

बेन्झॉइल पेरॉक्साइड हे दुसरे उपयुक्त औषध. त्याचे अडीच टक्क्यांचे मलम दहा टक्क्यांच्या जवळपास तितकेच गुणकारी व पुष्कळच कमी दाहक असते. म्हणजे येथेही अधिक ते चांगले हा समज खोटा ठरतो. त्याने उशीचे अभ्रे, टॉवेल व रंगीत कपडे यांचा रंग उडतो, हे आधी माहीत असलेले बरे. उपचार चालू असताना लिंबाचा रस, टूथपेस्ट, खरखरीत उटणी यांचे प्रयोग करू नयेत. चेहऱ्यावर वॅक्सिंग टाळावे. गरोदर असलेल्या किंवा गर्भधारणेचा विचार करीत असलेल्या स्त्रियांनी ट्रेटिनॉइन वर्गातील औषधे वापरू नयेत, व डॉक्टरला ही गोष्ट संकोच न करता आधीच सांगावी. गाठी होत असतील, व्रण राहत असतील, किंवा मुरुमांबरोबर पाळीची अनियमितता व चेहऱ्यावर केस दिसत असतील, तर केवळ मलमावर विसंबून न राहता तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

एकाचा वापर, सर्वांचे नुकसान

क्लिंडामायसिनसारखी प्रतिजैविक मलमे हा आणखी एक नाजूक विषय. ती एकटी व दीर्घकाळ लावली असता जंतू त्यांना दाद देईनासे होतात. म्हणून ती बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने आणि ठरावीक मुदतीपुरतीच देण्याची पद्धत आहे. मुरूम बरे झाल्यावरही ‘असू द्यावे म्हणून’ ट्यूबमागून ट्यूब लावणारा केवळ आपले पैसे वाया घालवीत नाही. कारखान्याच्या धुराचा उपद्रव जसा केवळ कारखानदाराला होत नाही, तसाच औषधाला न जुमानणारा जंतूही एकाच चेहऱ्यापुरता राहत नाही. त्याची किंमत दुकानाच्या पावतीवर छापलेली नसते. ती पुढे इतर रुग्ण भरतात. चिठ्ठीवरील मुदत पाळणे हे म्हणूनच नागरिकाचेही कर्तव्य ठरते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. तालुक्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ सहसा नसतो. शहरात जावयाचे तर प्रवासखर्च, एक दिवसाची रजा आणि डॉक्टरांचे शुल्क! दुकानातील ट्यूब त्या मानाने कितीतरी स्वस्त. हा हिशेब चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. बिघडलेल्या त्वचेवर पुढे महिनोन् महिने करावा लागणारा उपचार त्यात धरलेला नसतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग अल्प खर्चात उपलब्ध असतो. दूरध्वनी वा चित्रध्वनीवरून सल्ला देण्यासंबंधी केंद्र सरकारने २०२० साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिल्यापासून लांबच्या रुग्णालाही तज्ज्ञ गाठणे पूर्वीइतके दुरापास्त राहिलेले नाही.

अन्न व औषध प्रशासनाने दुकानांची तपासणी करावी, औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीचा आग्रह धरावा, या मागण्या योग्यच आहेत. परंतु ज्या घरात सावळ्या, मुरूम असलेल्या मुलीला येताजाता टोमणे ऐकावे लागतात, त्या घरातून झटपट मलमाची मागणी होतच राहणार. आणि मागणी असेतो पुरवठा कोणत्या ना कोणत्या वाटेने येतच राहणार. तीन महिने वाट पाहण्याची उसंत मुलांना घराने दिली पाहिजे, आणि हा विकार लज्जेचा नाही व त्याला रीतसर उपचार आहे, हे वर्गातून शिक्षकांनी सांगितले पाहिजे. वाट पाहण्याची मोकळीक मिळालेल्या तरुणालाच औषध नीट वापरता येते. ती ज्याला मिळत नाही, त्याच्या हातात उत्तम औषधही अखेर अपायकारकच ठरते.