मोटारसायकल सहल आणि मायक्रोब्रुअरी पर्यटन

मायक्रोब्रुअरी म्हणजे अल्प प्रमाणात बिअर तयार करून ती प्रामुख्याने त्याच जागी ग्राहकांना देणारे मद्यनिर्मितिगृह होय. अशा ठिकाणी मोटारसायकलवरून जाणे हा सहलीचा एक प्रकार आहे. नवी मुंबईतील चालकांसाठी पुणे हे अशा सहलीचे एक सोयीचे ठिकाण ठरते. मात्र वाहन चालवणे आणि मद्यपान या गोष्टी कायद्याने व शरीरशास्त्राच्या दृष्टीने परस्परविरोधी असल्याने सहलीचे नियोजन हा या प्रकाराचा कळीचा भाग आहे.

पार्श्वभूमी

बिअरचे मुख्य घटक चार: पाणी, मोड आणून वाळवलेले सातू (माल्ट), हॉप्स ही कडसर फुले आणि यीस्ट. माल्ट गरम पाण्यात भिजवल्यावर त्यातील पिष्टाची साखर होते. हा रस हॉप्ससह उकळून थंड केला जातो आणि यीस्ट त्यातील साखरेचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते. एल प्रकारातील बिअरचे किण्वन लागरपेक्षा अधिक तापमानाला व कमी दिवसांत होते. मायक्रोब्रुअरीतील बिअर बहुधा गाळलेली वा पाश्चरीकृत नसते. त्यामुळे ती फार काळ टिकत नाही आणि ताजी पिण्यासाठी निर्मितीच्या ठिकाणीच जावे लागते. प्रवासाचे निमित्त मिळते ते यातूनच.

महाराष्ट्रात २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. हे नाव नाशिकजवळील देवळालीशी जोडलेले आहे. तेथील लष्करी छावणीत ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत थांबत. त्यावरून 'डूलाली' हा शब्द इंग्रजी बोलीत 'वेड लागलेला' या अर्थाने रूढ झाला. २०१४ मध्ये पुण्यात 'इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी' सुरू झाली.

मार्ग

नवी मुंबई ते पुणे हे अंतर सुमारे १२० किमी आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मनाई असल्याने मोटारसायकलस्वार पनवेल, खोपोली, बोरघाट, खंडाळा व लोणावळा असा जुना महामार्ग वापरतात. घाटातील शिंग्रोबाचे मंदिर ही या वाटेवरील ओळखीची खूण आहे. पावसाळ्यात घाटात दाट धुके असते व रस्ता निसरडा होतो. २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही मोटारसायकलींना प्रवेश नाही. त्यामुळे दक्षिण मुंबईकडे जाणाऱ्या दुचाकीस्वारांना वाशीच्या खाडीपुलाचाच मार्ग सोयीचा पडतो.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम १२९ नुसार चालक व मागे बसणारा या दोघांनाही शिरस्त्राण बंधनकारक आहे. महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे. मद्यविक्री व मद्यसेवनाचे परवाने महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली दिले जातात. गांधी जयंतीसारख्या कोरड्या दिवशी मद्यविक्री बंद असते.

मद्यार्क आणि वाहन चालवणे

५ टक्के मद्यार्क असलेल्या अर्धा लिटर बिअरमध्ये सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. ७० किलो वजनाच्या पुरुषात तो पूर्ण शोषला गेल्यास रक्तातील प्रमाण ढोबळ हिशेबाने १०० मिलिमागे ४० मिग्रॅच्या आसपास जाऊ शकते. म्हणजेच एका मोठ्या ग्लासानेही कायदेशीर मर्यादा ओलांडली जाऊ शकते. यकृत हे प्रमाण तासाला सरासरी १५ मिग्रॅने कमी करते. दोन ग्लासांनंतर ते मर्यादेखाली येण्यास साडेतीन तासांहून अधिक, तर शून्यावर येण्यास साडेपाच तासांच्या आसपास अवधी लागतो. वजन, लिंग व आहारानुसार हे आकडे बदलतात. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा थोडी झोप यांनी हा वेग वाढत नाही. तोल आणि प्रतिक्रियेचा वेग यांवर मर्यादेखालील प्रमाणाचाही परिणाम होतो. मोटारसायकलीवर तोल सतत सांभाळावा लागतो व अपघातात शरीराला वाहनाचे कवच नसते, म्हणून धोका अधिक असतो.

सहलीचे नियोजन

सुरक्षित सहलीत मद्यपान हे दिवसाच्या प्रवासाच्या शेवटी येते. मुक्काम मायक्रोब्रुअरीपासून चालत किंवा रिक्षाने जाण्याजोग्या अंतरावर ठेवला जातो, दुचाकी मुक्कामीच उभी केली जाते व परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी, पुरेसा अवधी गेल्यावर सुरू होतो. रात्री उशिरापर्यंत मद्यपान झाले असल्यास सकाळीही रक्तात मद्यार्क उरू शकतो. एका दिवसात परतायचे असल्यास चालकाने मद्य टाळून निर्मितीची प्रक्रिया पाहणे, जेवण घेणे आणि सोबत्यांच्या गप्पांत रमणे एवढ्यावरच भेट मर्यादित ठेवणे हा एकमेव सुरक्षित पर्याय ठरतो.