बाल्कनीतली तुळस, गावाकडची तुळस आणि तेलाची बाटली

"गावाहून आणलेल्या तुळशीचा काढा घशाला जाणवतो, आमच्या बाल्कनीतल्या तुळशीचा नुसता पाण्यासारखा लागतो. असं का?" पावसाळ्यात सर्दी-खोकल्याच्या रुग्णांबरोबर हा प्रश्नही दवाखान्यात येतोच. तुमच्या जिभेला जाणवतं ते खरं आहे.

तुळस, पुदिना, पानओवा यांचा वास म्हणजे पानावरच्या अतिसूक्ष्म ग्रंथींत साठलेलं सुगंधी तेल. भरपूर ऊन मिळालं की हे तेल जास्त तयार होतं. सावलीतलं पान मोठं आणि मऊ होतं, पण वासाला फिकं. पाणी जरा कमी पडलं तर पान लहान राहतं आणि उग्र होतं. रोज पाणी पिणारी कुंडी हिरवीगार दिसते, काढ्यात मात्र मागे पडते. पुदिन्यात तर पान जून होताना तेलातल्या मेन्थोनचं मेन्थॉल होत जातं, म्हणून कोवळ्या आणि जून पानाचा वास वेगळा येतो. शिवाय तुळशीचे प्रकारही वेगवेगळे. काहींत लवंगेतलं युजेनॉल भरपूर, काहींत कमी. आणि पानं कडक उन्हात वाळवलीत तर बरंच तेल उडून जातं. सावलीत वाळवा.

त्यामुळे "रोज नेमकी किती पानं?" याचं उत्तर मी देऊ शकत नाही. पण त्यानं फारसं बिघडत नाही. तुळशीच्या ताज्या पानात तेल साधारण एक टक्क्याहूनही कमी असतं.

मला काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. काढा फिका लागला म्हणून कोणी त्यात बाटलीतल्या तेलाचे थेंब टाकतं. बाटलीत पान नसतं, निव्वळ तेल असतं. निलगिरीचं चमचाभर, म्हणजे ५ मिलि तेल पोटात गेल्यानं लहान मुलांना झटके आले आहेत, शुद्ध हरपली आहे. कापराचंही तसंच. लवंगेच्या तेलानं मुलांच्या यकृताला इजा झाली आहे. ही तेलं पोटात घ्यायची नाहीत, मुलांना तर मुळीच द्यायची नाहीत. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाला किंवा छातीला कापूर, मेन्थॉल, निलगिरी लावू नका. श्वास अडकू शकतो. आजीला वाईट वाटेल, तरी सांगा.

मुलानं तेल गिळलंच तर उलटी करवू नका. लक्षणं दिसण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा, आणि बाटली सोबत न्या.